अडलं तर उघडं राहू दे

सोमवार, ३ मार्च
लेकीच्या कॉम्प्युटरवर आज आपोआप जोडे विकत घेतले जात होते. मी इस्त्री हातात धरून बघतच राहिले. ती तर हात बांधून बसलेली! बाण पळतो, नाव लिहिलं जातं, पत्ता लिहिला जातो, जोडे पिशवीत. म्हटलं, कोण करतंय हे? म्हणे, "मी लिहून दिलंय तसं ते करतंय. दुकानाची साइट नीट चालते का, एवढंच तपासायचं." दिवसभर जोडे घेतले, दारात एक आला नाही.
गिऱ्हाइकाचा अभ्रा करपला.

मंगळवार, ४ मार्च
मध्येच कुठेतरी अडतं आणि स्क्रीनवरची खिडकी फटकन बंद. का अडलं ते दिसतच नाही. दर वेळी अडतही नाही, हीच तर बोंब. साहेबीण फोनवर म्हणाली, "शुक्रवारपर्यंत कारण हवं, नाहीतर दुसरीकडे बघ." नोकरी अजून कच्चीच.
आणि मी बजावून ठेवलंय — नोकरी गेली तर मुकाट्यानं नवऱ्याकडे परत जायचं. दोन महिने झाले माहेरी येऊन. काय बिनसलं विचारलं, की लॅपटॉप मिटते, खोलीत जाते, आतून कडी. मी काय ज्योतिषी आहे?

बुधवार, ५ मार्च
तिनं नवा हुकूम लिहिलाय. पास झालं तर खिडकी बंद कर. नापास झालं तर काही आवरू नको, आहे तशी उघडी ठेव. मला उलटंच वाटलं. बिघडलेलं आपण आधी झाकतो. "झाकलं तर कळणार कसं, आई?"
सकाळपासून पास, पास, पास. दुपारी ती भाजी आणायला खाली उतरली आणि खिडकी उघडी राहिली. मी? नळ, डबे, कपाटं — उघडं दिसलं की माझा हात जातोच. कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी. बंद.
आल्यावर सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. भाजीची पिशवी ठेवत म्हणाली, "तुला उघडं काही बघवतच नाही ना."

गुरुवार, ६ मार्च
इस्त्रीला सुट्टी. हात मांडीखाली दाबून स्क्रीनपुढे बसले. संध्याकाळी अडलं — आणि उघडंच राहिलं!
पिशवीत जोडे, खाली पत्ता, आणि पैसे भरायच्या बटणावर नेमकी सवलतीची पाटी येऊन बसलेली. बाण बिचारा बटण दाबायला गेलेला, पाटीनं अडवलेला. अडलं त्या क्षणी जे होतं ते सगळं जागच्या जागी. मी मात्र घरात भांडण झालं, की फुटलेल्या काचा आधी केरात टाकते.
"सापडली गं चूक," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

शुक्रवार, ७ मार्च
नोकरी पक्की. मी म्हटलं, नसती झाली तरी तू इथेच राहिली असतीस.

शनिवार, ८ मार्च
खोलीत गेली, पण कडी लावली नाही. दार ओढून घ्यायला माझा हात गेला, तो मी मागे घेतला. आतून म्हणाली, "बस ना, आई. त्यानं पहिल्यांदा हात उचलला, तिथपासून सांगते."