हनुमानच्या कार्डातली गाणी

प्रिय दिपाली,

पत्र पाहून घाबरू नकोस. मी जिवंत आहे. मेले असते तर फोन आला असता. बोलून राहिले मी, लिहून राहिली अंगणवाडीची रूपाबाई. तिला सांगितलंय, माझं बोलणं नीटनेटकं कर, पण आपल्या पदरचं शहाणपण त्यात घालू नको. आत्ता तिनं तोंड वाकडं केलं. तेही लिही म्हटलं.

तूर निघाली. हळद शिजायला लागलीय. काळ्या शेळीला जुळं झालं. तुझी आई सकाळी हळदीच्या कढईवर जाते, सहाला येते, भाकरी टाकते, मोबाईल मांडीवर घेऊन बसते. तो वाजत नाही. दिवाळीपासून तू माझी खबर रूपाबाईच्या फोनवर घेतेस आणि आईचं नावही काढत नाहीस. बापाच्या मोबाईलचं कार्ड आईच्या हातून पुसलं म्हणून लेक बोलत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. शेळ्यांनाही असेल.

तुझ्या बापाची, हनुमानची तऱ्हा तुला काय सांगू? करडू भुईला लागलं की आधी मोबाईल काढायचा, मग नाळ बघायचा. मी म्हणायचे, अरे, त्याला उभं तर राहू दे. तर मोबाईलकडे तोंड करून म्हणायचा, "दिपे, हे बघ, हे तुझ्या नावाचं." तू नर्सिंगला नांदेडला गेलीस त्या दिवसापासून जे जन्मलं ते सगळं तुझ्या नावाचं. बोकडसुद्धा. रेंज नसली की तुला पाठवलेलं जायचं नाही. मग म्हणायचा, राहू दे, कार्डात आहे. हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेतून आणलेलं, नखाएवढं कार्ड. एकशे अठ्ठावीस जीबीचं आहे म्हणून मिरवायचा. मी विचारायचे, एवढ्याशात एकशे अठ्ठावीस शेळ्या मावतात कशा? हसायचा.

आषाढात तो गेला. त्या धावपळीत मोबाईल फुटला, कार्ड राहिलं. तुझ्या आईनं, राधिकानं आपल्या मोबाईलमध्ये घातलं तर उघडेना. कसलीशी इंग्रजी पाटी यायची. तिनं घाईनं काढलं, चिंधीत बांधून पेटीत ठेवलं. म्हणाली, याला कुणी हात लावू नका, दिवाळीला दिपाली येईल, ती जाणत्या माणसाला दाखवील. बराबर होतं तिचं.

माझं सांगते. मला रडू आलं नाही. तेव्हा नाही, आताही नाही. बायका म्हणाल्या, म्हातारी दगड आहे. असेल. भाकर गोड लागत नाही, कडूही लागत नाही, लागतच नाही. पण पोळ्याच्या आसपास एक झालं. शेळ्या सोडताना त्याची हाक आठवायला गेले. शब्द आठवले, आवाज आला नाही. जाड होता का बारीक, मला सांगता येईना. पोटच्या लेकराचा.

राधिका खुरपायला गेली तशी मी पेटी उघडली. रेशनची केवायसी करायची होतीच, तेच निमित्त करून जीपनं सेनगाव गाठलं. तिथलं कॉम्प्युटरचं दुकान तुला ठाऊक आहे. आमच्यासारखी म्हातारी तिथं रांगेनं बसलेली, कुणाचा विम्याचा फॉर्म, कुणाचा निराधारांच्या पगारीचा. दुकानवाल्या प्रेमानंदनं माझा अंगठा घेतला, रेशनचं झालं. मग मी चिंधी सोडली. म्हटलं, बाबा, हेपण कार्ड बंद पडलंय, चालू करून दे. त्यानं ते कॉम्प्युटरला लावलं आणि म्हणाला, "आजी, फॉर्मॅट मारावा लागंल. मारू का?"

मी ऐकलं फॉर्म. त्या दुकानात दुसरं काय ऐकू येणार? मला वाटलं, मेलेल्या माणसाचं कार्ड आहे, सातबाऱ्याला वारसाचा फॉर्म लागतो तसा यालाही लागत असेल. मी म्हटलं, मार, मी आई आहे त्याची. तो हसला. पुन्हा म्हणाला, "भरून देऊ का?" म्हटलं, भर. पुरा भर, मागच्या फॉर्मात एक रकाना कोरा राहिला तर मला परत पाठवलं होतं.

त्यानं गाणी भरली. मध्येच करवादला, "आजी, हे कार्ड डुप्लिकेट हाय. एकशे अठ्ठावीस लिवलंय, सातच्या वर काही बसून न्हाई राहिलं." म्हटलं, मावेल तेवढं भर.

संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात राधिकाच्या हातावर कार्ड ठेवलं. चालू करून आणलं म्हटलं. आधी तिचा चेहरा उतरला, मग तिनं लावलं. ढोल वाजला. एक बाई गायला लागली. राधिकानं पुढचं लावलं, त्याच्या पुढचं लावलं. सगळी लग्नातली गाणी. मी विचारलं, हनुमान कधी येतो? तिनं मोबाईल बंद केला.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती हिंगोलीला गेली. तिथला माणूस भला होता. म्हणाला, नुसतं फॉर्मॅट केलं असतं तर मी पुष्कळ परत काढलं असतं, पण वरून गाणी भरली, आता खालचं निघत नाही. आणि कार्डच खोटं, सातच्या पुढचं त्यानं ठेवलेलंच नसणार, नुसती नावं दिसत असतील. मी काही दिवस ते धरून बसले. चूक दसऱ्यातल्या कार्डाची, माझी नाही. पण जे काही सात होतं त्यात दोन-चार करडं तर असतील. दोन-चार वेळा तर तो दिपे म्हणाला असेल. ते मी पुसलं.

दिवाळीत तू लॅपटॉपला कार्ड लावलंस आणि विचारलंस, कुणी केलं हे? मी तोंड उघडलं. राधिका माझ्याआधी बोलली, माझ्या हातून झालं. तू भाऊबिजेलाही थांबली नाहीस. तू गेल्यावर मी तिला म्हटलं, काहून गं, खोटं का बोललीस? चुलीकडून मान न वळवता सून म्हणाली, "मामी, तुमचा ल्योक गेला, आता नातबी जाऊ द्यावी का? मी आई हाय. माझ्याकडं येईल ती वळून." चार महिने झाले पोरी, तू वळली नाहीस, आणि मी तिच्याच हातची भाकर खाऊन गप्प बसले. रूपाबाईनं लिहायचं मध्येच थांबवलं होतं, तिलाही हे आत्ताच कळून राहिलं. फोनवर चारदा सांगायला गेले, तर तू दुसरंच विचारायचीस आणि माझं राहायचं. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून हे. राग माझ्यावर धर, पुरता धर, मला सोसेल. राधिकाला मात्र फोन कर. सहानंतर कर. वाजला की मी उठून शेळ्यांकडे जाऊन बसेन, म्हणजे तिला माझ्यासमोर खोटं बोलावं लागणार नाही.

तुझीच, जे केलं ते कबूल करणारी,
आजी सिंधूबाई