ग्रेफिनचा चर

मी, नीलिमा यशवंत दाबके, वय बहात्तर, घोड्यांची निवृत्त डॉक्टर, राहणार आल्टरबाख, कार्ल्सरूहेजवळ, जर्मनी, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी माझ्या मागे लागलेले नाही आणि पुढचा मजकूर माझ्याच हातचा आहे. इथल्या कायद्याला एवढे पुरते, साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. दोन माणसांनी समोर बसून सही केल्याशिवाय कागदाला वजन येते असे मला वाटत नाही.

कलम १. राहते घर माझी मुलगी उर्जा हिला. ती हायडेलबर्गला रुग्णालयात आहे, इथे येऊन राहणार नाही हे मला ठाऊक आहे. खुशाल भाड्याने दे. मात्र देव्हारा आधी घेऊन जा. भाडेकरू बिचारा त्यात मसाल्याच्या बाटल्या ठेवेल.

कलम २. माझी चामडी बॅग व स्टेथोस्कोप नात अन्वी हिला. तिला डॉक्टर व्हायचे नाही, घोड्यावर बसायचे आहे. तरी असू दे. शर्यतीआधी घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे ठोके ऐकावेत. तो घाबरला आहे की नुसताच उतावळा, याचा थोडा अंदाज येतो.

कलम ३. श्री. ब्रुकनर, आमच्या गावच्या रायटफेराइनचे, म्हणजे घोडेस्वारांच्या मंडळाचे अध्यक्ष. यांच्यावरचा माझा राग माझ्याबरोबर संपावा, वारसांनी तो पुढे चालवू नये. कारण मात्र लिहून ठेवते. गावची अडथळ्यांची शर्यत साऱ्या बाडेन प्रांतात नावाजलेली. शिंग फुंकून सुरुवात, घोड्यांना पाद्रीबाबांचा आशीर्वाद, स्वारांच्या टोपीत ओकची डहाळी, हे सारे मलाही प्रिय आहे. पण शेवटचा अडथळा, ‘ग्रेफिन’, म्हणजे उंच कुंपण आणि पलीकडे, उडी घेताना घोड्याला न दिसणारा खोल चर. कोण्या सरदारीणबाईने तो ओलांडला होता म्हणे, म्हणून हे नाव. त्या चरात सेपी नावाचा तांबूस घोडा पडला, पाय मोडला. मी खाली उतरले, त्याचे डोके मांडीवर घेतले आणि शेवटची सुई दिली. वर उभे राहून ब्रुकनर म्हणाले, “शर्यतीत हे व्हायचंच, नीलिमा.” ते रडत होते, हेही नोंदवते. रडत असूनही चर बुजवायला तयार नव्हते, म्हणून राग.

कलम ४. तो चर ज्या पट्ट्यात आहे, ती जमीन आमची, घराबरोबरच आली. घर घेतले तेव्हा आमच्या ह्यांनी ब्रुकनरना हातात हात देऊन शब्द दिला, “आम्हा दोघांपैकी एक जण जरी असेपर्यंत ग्रेफिनला कोणी हात लावणार नाही.” घोड्यांतले त्यांना काय कळत होते! संगणकाचा माणूस, परक्या गावाने आपल्याला आपले म्हणावे, एवढीच हौस. यशवंत गेले, शब्द राहिला. नवऱ्याचा शब्द मी मोडणार नाही. म्हणून पट्टा मंडळाला देते, अशा अटीवर की माझ्या मृत्यूनंतर चर बुजवावा आणि कुंपणाचा वरचा भाग मऊ झुडपांचा करावा, म्हणजे घोड्याचा पाय लागला तरी तो पार होईल. अट मान्य नसेल तर तिथे बटाटे लावावेत.

कलम ५. कलम ४ वर मी रेघ मारली आहे, ती का ते सांगते. परवा अन्वी आली. तिला मराठी कळते, वाचता येत नाही, म्हणून मीच मोठ्याने वाचून दाखवले. चांगली ऐटीत होते मी; चरही बुजवला, शब्दही राखला. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आबर आजी, इश राइटे डोख इम सेप्टेंबर.” म्हणजे ती या सप्टेंबरातच शर्यतीत उतरणार आहे. मग एरवी मराठी कधी न बोलणारी पोर मराठीत म्हणाली, “म्हणजे तू आधी मरायचं?”

माझ्या मरणाची वाट बघत तो चर तिच्यासाठी उघडा राहणार होता, आणि तशी व्यवस्था मीच सुवाच्य अक्षरात केली होती. या पोरीवर माझा फार जीव आहे.

मी ब्रुकनरना बोलावले, चहा दिला, कागद जर्मनमध्ये समजावून सांगितला. सेपीचे नाव आले तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी म्हटले, “शब्द माझ्या नवऱ्याचा आहे. मला तो मोडता येत नाही.”

मग ते म्हणाले, “आल्झो, असं बघ. शब्द मला दिला होता ना? मग परत करायचा हक्क माझा. घे, केला परत.” त्यांनी टेबलावरून हात पुढे केला, मी धरला. तेव्हा मला यशवंतांची इतकी आठवण आली की चहा तसाच राहिला.

काल ब्रुकनरनी स्वतः ट्रॅक्टर आणून चर मातीने भरला. अन्वीने वर नाचून माती दाबली. कुंपण ते पुढच्या आठवड्यात मऊ करणार आहेत. तेव्हा पट्टा आता विनाअट मंडळाला. शिंग, आशीर्वाद आणि डहाळी यांना कोणी हात लावू नये.

कलम ६. सप्टेंबरात अन्वी ग्रेफिनवरून जाईल. मला भीती वाटणारच. ती मृत्युपत्राने कोणाच्या नावे करता येत नाही. मी तिथे, कुंपणाशी उभी राहणार आहे. तेव्हा हा कागद त्याआधी अमलात आणायची घाई कोणीही, देवानेसुद्धा, करू नये.

सही: नीलिमा यशवंत दाबके

साक्षीदार:
१. हान्स-पेटर ब्रुकनर, आल्टरबाख (मराठी येत नाही, मजकूर समजून घेऊन सही)
२. वसुधा केतकर, कार्ल्सरूहे

स्थळ: आल्टरबाख
दिनांक: १५ जून २०२५