रिकाम्या खोल्यांतले दिवे

धुळे, २ सप्टेंबर २०२४

ती. आबांस,
सुलक्षणाचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. जळगावला बस बदलताना चेंगराचेंगरी झाली, पण नाल्यापलीकडच्या लोटनभाऊंनी दिलेली केळी शाबूत आली. मयुरीने आल्या आल्या विचारलं, की आजोबा नाल्याच्या पाण्यातून वीज कशी काढतात. मला नीट सांगता येईना. तुम्ही जेवताना चाक, पट्टा, भार असं बरंच सांगत होतात, पण माझं सगळं लक्ष तुमच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे होतं.

एका गोष्टीसाठी रागावते. माणूस एक आणि दिवे घरभर! आईच्या खोलीत, माझ्या जुन्या खोलीत, तेही भर दिवसा. तुम्ही पिशवी घेऊन रस्त्याकडे पुढे गेलात, तेव्हा मी एकूण एक दिवा बंद करूनच निघाले. ‘रिकामं घरमा दिवा कसाले?’ असं आई म्हणाली असती.

तुम्ही शब्द दिलाय, की ते विजेचं मशीन बंद पडलं तर धुळ्याला यायचं. तिथे फोनला रेंज नाही, घरात हाकेला माणूस नाही. आई गेल्यापासून तुमची काळजी माझी पाठ सोडत नाही. मशीन बंद पडावं म्हणून नवस बोलायच्या बेतात आहे, सांगून ठेवते.

राग आला तरी चालेल, पण पत्र यावं.

तुमची,
सुलक्षणा

शेतावरून, ९ सप्टेंबर

चि. सौ. सुलक्षणास,
अ. उ. आ.

तुझं पत्र लोटनने रावेरहून येताना आणलं. केळी भरायला तो तिकडे जातो म्हणून आपला टपालाचा धंदा चालतो. नवसाच्या भानगडीत पडू नकोस. मशीन उत्तम आहे, नाल्याला पाणीही भरपूर आहे. दीपनगरच्या वीजकेंद्रात उभी हयात काढलेल्या माणसाला एवढंसं चाक सांभाळता येऊ नये काय?

दीपकरावांना सांग, वाइंडिंगची तांब्याची तार आणि बेअरिंग धुळ्यात मिळाली तर पाठवावीत. नमुना सोबत आहे. घाई नाही, हाताशी असावं इतकंच.

माझ्यासाठी पुढची खोली रिकामी केलीस असं दीपकरावांनी लोटनला फोनवर सांगितलं. बरं वाटलं. पण तिथे मी दिवसभर करू काय? तुम्ही सगळे कामाला गेलात की भिंतींशी बोलत बसायचं, ते मला इथेही जमतं.

मयुरीला पापा. आहे तशीच माया राहू दे.

आबा

धुळे, १६ सप्टेंबर

ती. आबांस,
सा. न.

लोटनभाऊंचा रावेरहून फोन आला होता. तुमच्या घरात कंदील जळतोय म्हणे. मशीनला दिव्यांचा भार लागतो, पाणी अडवायच्या आधी तो काढला तर चाक सुसाट सुटतं आणि जनरेटर जळतो, हे त्यांनी मला समजावलं. म्हणजे मीच जाळला. तुम्ही मला बसमध्ये बसवून परत गेलात तेव्हा धूर निघत होता, आणि मला लिहिता, मशीन उत्तम आहे!

खरं सांगू आबा? ऐकल्यावर पहिल्यांदा मला आनंदच झाला, की आता तुम्हाला यावं लागेल. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली, की स्वयंपाक अर्धा टाकून बसून राहिले.

तार आणि बेअरिंग पाठवतेय. तुम्हाला शब्दातून मोकळं करते. माझ्याच हाताने बंद पाडून मला तुम्हाला आणायचं नाही. तुम्ही तिथेच राहा, मी येत जाईन.

पुन्हा असं खोटं लिहू नका, एवढी दया करा.

सुलक्षणा

शेतावरून, ६ ऑक्टोबर

चि. सौ. सुलक्षणास,
अ. उ. आ.

मशीन परवा सुरू झालं. वाइंडिंग मीच केलं, हात अजून विसरलेले नाहीत. तू मनाला लावून घेऊ नकोस. रिकाम्या खोलीतला दिवा बंद करायचा, हे तुझ्या आईनेच आपल्याला शिकवलंय. पाणी अडवून मग पुढे जायला हवं होतं, ती चूक माझी.

भार लागतो हे खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. लोटन नाल्यापलीकडे राहतो. त्याच्या घरी तार ओढ म्हणून तो कधीचा मागे लागला होता. ओढली असती तर भार आपोआप झाला असता. मी टाळत राहिलो. संध्याकाळी शेतातून परतताना तुझ्या आईच्या खिडकीत उजेड दिसायचा, तुझ्या खोलीतही दिसायचा, आणि घरी माणसं आहेत असं वाटून पाय जरा भरभर उचलायचे. दार उघडलं की कोणी नसायचं. या कंदिलाच्या दिवसांत खिडक्या काळ्या राहिल्या आणि मला फसवायला काही उरलं नाही.

आता तार लोटनकडे ओढली. त्याच्याकडे चार पोरं, म्हातारी, पंखा, टीव्ही, मशीनला भरपूर काम आहे. पाणी कसं अडवायचं तेही त्याला शिकवलं. माझ्या घरातले दिवे काढले.

मशीन चालू आहे, तेव्हा शब्दाप्रमाणे मला कुठे जायची गरज नाही. तरी विचारतो, मला न्यायला येशील का? बसने एकटा येऊ शकतो ग. पण या घराला कुलूप एकट्याने लावणं माझ्याने होणार नाही.

तुझी वाट बघणारा,
आबा