सेलमधले स्टँड आणि बाबांचा ओंडका

१० डिसेंबर

ती. दादास,
चिमीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे घसा फोडून घ्यायचा. मागच्या खेपेला मी एवढी ओरडले की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, आणि तू शांतपणे म्हणालास की लाइन खराब आहे. लाइन नाही रे, कान खराब आहेत. इतकी वर्षं ट्रॅक्टरवर बसून तू ते घालवलेस. म्हणून हे पत्र.

आमच्याकडे वर्षअखेरच्या सुट्ट्यांचा सेल लागला आहे. ट्रॅक्टरच्या सामानाच्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नाही. पान्यांचे संच, ग्रीस गन, बॅटऱ्या, सगळ्यांवर लाल चिठ्ठ्या. सकाळी शटर उघडायच्या आत माणसं रांगेत उभी असतात आणि आत आल्यावर एकमेकांच्या हातातलं बघत हिंडतात. आम्हा कामगारांना मात्र गर्दी ओसरल्याशिवाय काही घेता येत नाही. पण तुझी बहीण काय कच्च्या गुरूची चेली आहे? ट्रॅक्टर उचलून ठेवायच्या लोखंडी स्टँडची एक निळी जोडी मी ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यामागे दडवली होती. काल ती अर्ध्या किमतीत सोडवली आणि मालाच्या गाडीवाल्याकडे दिली. आता क्लचच्या कामाला टेकू म्हणून बाबांचा तो लाकडी ओंडका ओढत बसू नकोस.

खरं सांगू का, तू एकटाच शेडमध्ये ट्रॅक्टरखाली शिरतोस याचा मला धसका आहे. वरचं काही करकरलं तरी तुला कळायचं नाही. वहिनी घाबरते म्हणून आपण तिला हसतो, पण या एका बाबतीत मी तिच्या बाजूची आहे. आमच्या भागूबाईंना सांग, आता निर्धास्त झोपा म्हणावं.

वहिनीला नमस्कार. चिडलास तरी चालेल, पण उत्तर धाड.

तुझी,
चिमी


१८ डिसेंबर

चि. चिमीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

स्टँड मिळाले. काय देखणा माल आहे! गाडीवाला म्हणाला की तिकडे माणसं यासाठी भांडत होती, आणि मी तुझ्या नावाने मिशीला पीळ दिला. उंची धरायच्या पिना एकदम चपखल बसतात. मागची दोन्ही चाकं काढून ट्रॅक्टर स्टँडवर चढवला आहे आणि कालपासून क्लचला हात घातला. काम चिवट आहे. आठवडाभर तरी पाठ टेकून पडावं लागेल.

बाबांच्या ओंडक्याला मी निवृत्त केलं. बाबा त्याच्याशिवाय कधी ट्रॅक्टरखाली गेले नाहीत, पण त्यांच्या वेळी असली वस्तू कुठे होती? तुझी वहिनी म्हणाली, असू दे की दोन्ही. मी तिला स्पष्ट सांगितलं, बहिणीने एवढ्या मायेने पाठवलं, त्याच्यावर अविश्वास दाखवायचा नाही. ओंडका पुन्हा शेडमध्ये दिसला तर चुलीत घालीन, असंही म्हणालो.

आता गंमत ऐक. भागूबाईंनी त्या ओंडक्याचं स्टूल केलं आहे. मी खाली शिरलो की त्या शेडच्या दाराशी ओंडक्यावर बसून मटार सोलतात. बाहेर आलो तरी तिथेच. इतके मटार खाणार कोण? लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला आपला सहवास हवासा वाटतो, यात मी सुख मानून घेतलं आहे. पाना मागायला पाय आपटला की लगेच हातात पाना. एरवी तिकडे काय चाललंय ते मला दिसत नाही आणि ऐकू येण्याचा तर प्रश्नच नाही.

कान दाखवीन, पण क्लच झाल्यावर. जपून राहा, गर्दीत चेंगरू नकोस.

तुझा,
दादा


२२ डिसेंबर

ती. दादा आणि वहिनी,

नमस्कार नंतर करते. आधी एवढं करा. दादा ट्रॅक्टरखाली असेल तर त्याला पाय ओढून बाहेर काढा. ट्रॅक्टरच्या जवळपासही कोणी जाऊ नका.

आज मी परत आलेल्या मालाच्या काउंटरवर होते. एका माणसाने माझ्यासमोर निळे स्टँड आदळले. तसलीच जोडी दादा, तोच रंग. पिनेच्या भोकाजवळचं वेल्ड उसवलेलं आणि मान एका बाजूला कलंडलेली. त्याने स्टँडवर नुसती रिकामी ट्रॉली ठेवली होती आणि खाली कोणी नव्हतं. नव्हतं म्हणून तो भांडायला तरी येऊ शकला.

मॅनेजरने ते मागच्या खोलीत टाकायला सांगितलं आणि सेल संपेपर्यंत तोंड उघडू नको म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत मी उरलेला सगळा माल उपसून पाहिला. रंगाखाली केसाएवढ्या चिरा आहेत. एकात नाही, बऱ्याच स्टँडमध्ये. घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर समजून घ्या.

दुपारपासून घरी फोन लावते आहे. घंटी वाजते आहे आणि कोणी उचलत नाही. दादाला ऐकू येणार नाही हे मला माहीत आहे. पण वहिनी कुठे आहे? ती तर कधी घर सोडून जात नाही. मला नाही नाही ते दिसायला लागलं आहे.

गाडीवाला पहाटे तुमच्याकडे निघतो, त्याच्या हाती हे पत्र देते आहे. सुट्टी मागितली तर मॅनेजर म्हणाला, गेलीस तर परत येऊ नकोस. गाडीवाला परत आला आणि काही निरोप नसला, तर मी मॅनेजरचं ऐकणार नाही, निघून येईन. दादा, मी ते स्टँड दडवून ठेवले होते रे. दुसऱ्या कोणी नेऊ नयेत म्हणून.

चिमी


२३ डिसेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे सुखरूप आहेत. पाकिटावर माझं अक्षर बघून तुमचा जीव उडाला असेल, म्हणून आधी तेवढं लिहिलं. यांनी लिहायला मला बसवलं आहे. खांद्याला खरचटलं आहे. बाकी धडधाकट आहेत. दुकानाचा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र गाडीवाल्याच्याच हाती देते आहे.

तुमचं पत्र आज आलं, पण ते घडलं काल दुपारी. वन्सं, मी तिथे मटार सोलायला बसत नव्हते. हे खाली शिरले आणि तोंड वर करून कामाला लागले की मी ओंडका लोटत लोटत मागच्या एक्सलखाली सरकवायची. यांना ऐकू येत नाही, तेच माझ्या पथ्यावर पडलं. पाय हलायला लागले की ओढून पुन्हा दाराशी आणायचा आणि वर बसायचं. चुलीत घालीन म्हणाले होते ना. आणि तुमच्या वस्तूवर मी संशय घेतला असं तुम्हाला कळलं असतं, त्याचीही भीती होती. मला स्टँडमधलं काही कळत नाही. मला आपली भीती वाटायची, एवढंच.

काल फोन वाजत होता तो मी ऐकला. पुन्हा पुन्हा वाजत होता. हे खाली असताना मला जागचं हलवेना, म्हणून उचलला नाही. मग लोखंड कडाडलं आणि एका बाजूने ट्रॅक्टर खाली आला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा एक्सल ओंडक्यावर टेकला होता आणि खाली वीतभर जागेत हे माझ्याकडे बघत होते. शेजारच्यांनी जॅक लावून बाहेर काढलं.

बाहेर आल्यावर यांनी ओंडक्याकडे पाहिलं. लाकडात एक्सल रुतल्याची खोल खूण आहे. मग मला विचारलं, "रोज ठेवायचीस?" मी मान हलवली. हे तिथेच मातीत बसले आणि त्या खुणेवरून बोटं फिरवत राहिले.

तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. तुम्ही मायेनेच पाठवलं होतं, आणि तुमचा फोन आला तेव्हा मी उठले नाही, ते आठवून माझंही काळीज हलतं. त्या मागच्या खोलीतल्या मालाबद्दल मात्र तोंड मिटून बसू नका. नोकरी गेली तर घर तुमचंच आहे.

एक मागणं आहे. तुम्ही यांना लिहाल तेव्हा एवढं लिहा की मला पूर्वीसारखी हाक मारा. काल संध्याकाळपासून हे मला भागूबाई म्हणत नाहीत. हळू आवाजात माझं नाव घेतात आणि मी दिसेनाशी झाले की घरभर शोधत येतात. मला हे असे घाबरलेले बघायची सवय नाही.

लवकर या, आणि येताना हात हलवत या.

तुमची,
वहिनी