लवकर लागलेली चांदणी

मांडवी, रत्नागिरी
३१ ऑक्टोबर २०२५

चि. योगिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही तिघं बरे आहोत. ह्यांचा खोकला उतरला, पण औषध घ्यायचं म्हटलं की अजून नखरे. नव्या नोकरीत तू डबा वेळेवर खातेस ना? शेजारची सानिका उद्या मुंबईला परततेय, तिच्या हाती हे पत्र देते. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला पुढचं बोलवत नाही.

इथे नाताळ आत्ताच येऊन बसलाय. तुळशीचं लग्न व्हायचंय, लोकांच्या दारातले आकाशकंदील उतरलेले नाहीत, आणि रावजीच्या बेकरीवर सोमवारीच चांदणी लागली. खाली लाल टोप्या आणि कापसाचा बर्फ, तोही आपल्या रत्नागिरीत, घामाच्या धारा लागलेल्या असताना. मी म्हटलं, "रावजी, अक्कल गहाण टाकलीस काय?" तर म्हणतो, "काकी, माल आला तसा टांगला. डिसेंबरापर्यंत कोण थांबतंय आता?"

त्याच्यावर चिडले खरी, पण चूक माझी आहे. जूनमध्ये जहाजावरून निरोप आला, शुभंकर समुद्रात पडला, सापडला नाही. तू म्हणालीस, आर्याला इतक्यात सांगायचं नाही, पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच सांगेन. तिच्यासाठी तू मंगळसूत्रही गळ्यात ठेवलंस. मी वाडीत सगळ्यांना हात जोडून गप्प बसवलं. आणि श्रावणात पोरीने विचारलं, "आजी, बाबा कधी येतील?" तेव्हा माझ्याच तोंडून निघून गेलं, "नाताळाची चांदणी लागली की." दर वर्षी त्याची रजा तेव्हाच असायची ना. वाटलं, डिसेंबर लांब आहे, तोवर देव काहीतरी सुचवील.

सोमवारी ती धावत आली. "आजी, लागली गो चांदणी!" अंघोळ करून, नवा फ्रॉक घालून पायरीवर बसली. त्याच्या चपला शोधून, पुसून शेजारी ठेवल्या. मंगळवारीही तेच. जेवायलासुद्धा आत येईना. हे उठून मागच्या परसात गेले, ते तिन्हीसांजेपर्यंत आले नाहीत.

बुधवारी मी भ्याडासारखी रावजीकडे गेले आणि चांदणी उतरवायला लावली. बिचाऱ्याने का म्हणून विचारलंही नाही. पोरीला सांगितलं, चुकून लवकर लावली होती, परत लागेल.

काल सकाळी ती माझ्याजवळ आली. "आजी, बाबा आले असतील, आणि चांदणी दिसली नाही म्हणून परत गेले काय गो?"

योगिनी, मग माझ्याने राहवलं नाही. तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं. शुभंकर नाही, हे मी तोंडाने पहिल्यांदाच बोलले. फार दुखलं गं.

ती रडली नाही. माझ्या बांगड्या फिरवत बसली. मग म्हणाली, "आईला माहीत आहे?" मी उत्तर द्यायच्या आत म्हणाली, "तिला सांगू नको हां आजी. ती एकटी असते तिथे."

संध्याकाळी तुझा फोन आला, तेव्हा ती तुझ्याशी हसून बोलली. तुला काही कळलंही नसेल.

तुझा शब्द मी मोडला, त्याबद्दल हवं ते बोल मला. पण मिळेल त्या गाडीने ये आणि तिच्यासमोर रड. त्याशिवाय ती रडायची नाही.

शुभंकरची आई,
मथुरा