एकदाच विचारणाऱ्यांच्या मुलखातून

हॅम्बुर्ग, १४ ऑक्टोबर १९८३

ती. सौ. चतुराक्कास धाकट्या बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार. दाजींचा गुडघा काय म्हणतो? पिशोरला कापूस फुटला का? मी खुशाल आहे, फक्त उपाशी आहे.

सारजा गेल्यापासून औरंगाबादचं घर खायला उठतं, म्हणून जग बघून चार विनोदी लेख लिहायच्या इराद्यानं निघालो, हे तुला ठाऊकच आहे. (संपादक म्हणाले, लोकांना हसवा. बायको गेलेल्या माणसाकडून ही अपेक्षा लई झाली.) तर आक्का, इकडची माणसं सज्जन, पण एकदाच विचारतात. इथं ज्या बाईंकडं उतरलोय, त्यांनी पहिल्याच दिवशी उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं पुढं केलं. भूक सपाटून लागलेली, तरी आपल्या रीतीप्रमाणं मी ताटावर हात आडवा धरला. नको नको, पोट भरलंय. आता बाई गळ्याची शपथ घालतील म्हणून थांबलो, तर त्यांनी मान डोलावली आणि पातेलं आत गेलं. दुसऱ्या दिवशी हात जरा कमी आडवा धरला. तिसऱ्या दिवशी 'नको' इतकं हळू म्हटलं, की मलाच ऐकू आलं नाय; बाईंना आलं. (लंडनातही हेच. वर तिथल्या यजमानांनी, विचारलं म्हणून माझीच माफी मागितली.) शेजारच्या हबीबभाईंनी औरंगाबादहून निघताना नानखटाई दिली होती, तिच्यावर दिवस काढले. तीही मी तीनदा नको म्हटली होती. चौथ्यांदा त्यांनी पिशवीतच कोंबली.

काल लाज सोडली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत बाईंना आपली रीत समजावली. त्यांनी विचारलं, मग खरंच नको असेल तेव्हा काय म्हणता? मी नुसतं ताट पुढं केलं. त्यांनी ताट भरलं, वर दोनदा आग्रहही केला. आक्का, बटाटे अळणी होते, तरी डोळ्यांत पाणी आलं. सारजा गेल्यावर ताटात दुसऱ्यांदा वाढणारं कुणी भेटलंच नव्हतं.

तुझा,
बद्रीनाथ

ता. क. दाजींना लोकरीचा गुडघापट्टा घेतलाय. ते नको म्हणतील, लक्ष देऊ नको.

आणखी ता. क. मी निघायच्या आदल्या दिवशी, मला भेटून परतीच्या एस.टी.त चढताना तू म्हणाली होतीस, बद्री, परत आलास की पिशोरलाच येऊन राहा. मी नको म्हटलं. तू मान डोलावून बसमध्ये जाऊन बसलीस. आक्का, तू कधीपासून जर्मन झालीस? पुढच्या महिन्यात वीस तारखेला येतोय. अजून एकदा विचार. तिसऱ्यांदा विचारायची वेळ येणार नाय.