ओसरीवरची बाज

मामाजी, आज माझी बाज मागच्या खोलीत नेली. मुलानं आणि सुनेनं दोन बाजूंनी उचलली आणि मी वर बसूनच होते, पालखीत देव बसतो तशी. खोली चांगली आहे. सारवलेली आहे, खिडकीतून निंबाची हवा येते, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवलेला आहे. सून गुणाची आहे, तिला नाव ठेवायला जागा नाही, आणि जागा नसली तरी मी शोधून काढते हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझे गुडघे गेले. पुढच्या ओसरीवर सरकी काढायच्या जिनाच्या चिमणीचा धूर येतो, रस्त्याची धूळ येते, छातीला बाधेल, म्हणून म्हातारीला आत ठेवा असं डॉक्टर सांगून गेला. सगळं माझ्या भल्यासाठीच. पण सकाळपासून मी भिंतीकडे तोंड करून पडले आहे आणि मला तुमची भिंत आठवते आहे. शेवटी नातीकडून तिच्या शाळेचा कागद मागून घेतला. अक्षरं मी म्हातारपणी तिच्याच पुस्तकातून शिकले, त्यामुळे लिहिताना हे असं पुस्तकी उतरतं. तुम्ही समोर असता तर मी आपल्या बोलीतच बोलले असते, आणि तुम्ही मध्येच म्हणाला असता, "आटप व लवकर, कान दुखले माहे."

हिवरखेडहून मी या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूबाई आधीच गेलेल्या होत्या. घरात तुम्ही आणि तुमचा एकुलता एक मुलगा. तुम्ही अचलपूर ते अमरावती बंडी हाकत आयुष्य काढलेलं, आवाज असा की बैल दचकावेत. मी तुमच्यासमोर कधी उभी राहिले नव्हते, तोंड वर करून बोलणं तर दूरच. आणि मग एका पहाटे बंडी जुंपतानाच तुमच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, पाय गेला, तोंड वाकडं झालं, तो आवाज जिभेखाली गुंडाळला गेला. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, तुमचं तर मुंगीच्या पावलानंही जाईना. शेजारचा पिंजारी भला माणूस, तो येऊन तुमचं अंग पुसून द्यायचा. पण एक दिवस तो कापूस पिंजायला भातकुलीला गेलेला, हे, म्हणजे तुमचा मुलगा, बंडी घेऊन बाहेर, आणि तुम्ही घाणीत पडलेले. मी पदर ओढून दाराशी नुसती उभी. सासऱ्याच्या अंगाला सुनेनं हात लावायचा नसतो, एवढंच मला आईनं शिकवलं होतं. कितीतरी वेळानं तुम्ही म्हणालात, "लाजू नको. तू लाजत बसली तं मी असाच मरून जाईन." रागावून म्हणालात. तुमचं मला उद्देशून पहिलं वाक्य ते.

त्यानंतर आपलं न बोलता ठरून गेलं. तुम्ही डोळे मिटायचे, मी पदर नाकापर्यंत ओढायची. कोणी कोणाला पाहिलंच नाही. जवसाचं तेल कोमट करून मी हातापायाला चोळायची, पाठीला चट्टे पडू नयेत म्हणून या कुशीवरून त्या कुशीवर वळवायची, खाली जुन्या लुगड्याची मऊ घडी घालायची. ताकातल्या कण्या डाव्या गालात भरवाव्या लागत, उजव्या गालात घास तसाच पडून राही. हे मला कोणी शिकवलं नाही. चुकत चुकत आलं, आणि चुकलं की तुम्ही ओरडायचात. तुमच्या ओरडण्याचा मला राग यायचा. रागारागानं मी तेल चोळायची आणि तुम्ही म्हणायचात, "हां, आता जोर आला हाताले."

मग कापसाचं ते वेड आलं. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई लागली होती म्हणे, तिकडचा कापूस अडकला आणि आमच्या पऱ्हाटीला सोन्याचे दिवस आले. ज्यांच्या घरी पाहुणा आला की शेजारून ताट मागायचे त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या लागल्या. हे गावोगाव फिरून कापूस घ्यायला लागले, भाव चढला की अकोल्याला नेऊन विकायचे. तोवर तो कापूस घरात. माजघरात कापूस, माळ्यावर कापूस, देवघरात फक्त देवापुरती जागा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी अर्ध्या गल्लीच्या बाया सरकी काढायच्या चरख्या घेऊन आमच्याच घरात बसायच्या. कापसाला कोरडी जागा लागते, म्हाताऱ्याला कुठेही चालतं, म्हणून तुमची खोली कापसाला दिली आणि तुमची बाज ओसरीवर आली. ओसरीला लागून रस्ता, अचलपूरहून अमरावतीच्या बाजारात जाणारा. दिवसभर कापसाच्या बंड्यांची रांग.

पहिला गाडीवान ओळखीचा निघाला. बंडी उभी करून म्हणाला, "राम राम बाबा! इथं काहून निजले?" तुम्ही काहीतरी म्हणालात, ते त्याला कळेना; मला ते गुंडाळलेले शब्द रोजच्या सवयीनं कळायचे. तो माझ्याकडे पाहायला लागला. मी खांबाआड उभी होते. तुम्ही डाव्या हातानं मला खूण केलीत, पुढे ये, सांग त्याला. आणि मी परक्या पुरुषाशी जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, "मामाजी म्हनतात, रस्त्याची राखण करून राहिलो." तो खदखदा हसला. पुढच्यांना त्यानं सांगितलं असावं, कारण मग सगळेच थांबायला लागले. येणारे सांगायचे पूर्णेच्या पात्रात कुठे रेती फसवते, ते तुम्ही परत जाणाऱ्यांना सांगायचात. कोणाचा बैल बसला, कोणाची लेक बाळंत झाली, कोणाचा निरोप कोणाला द्यायचा. अचलपूरचा एक म्हातारा मुसलमान गाडीवान रोज विचारायचा, "बडे मियाँ, आज क्या खबर?" तुम्ही पुटपुटायचात आणि मी शेजारी तेलाची वाटी घेऊन बसलेली, तुमचे शब्द उचलून मोठ्यानं सांगायची. "वरल्या अंगानं जाय म्हनतात. खाली दोन बंड्या फसल्या." कधी कधी पदरचेही चार शब्द घालायची. तुम्ही ऐकायचात आणि पुढच्या बंडीकडे बघायचात.

थंडी सुरू झाली तसा तुमचा खोकला वाढला. चरख्यांतून उडणारा कापूस ओसरीवर यायचा, रस्त्याची धूळ यायची, तुमच्या भुवयासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. यांनी अचलपूरचा हकीम आणला. त्यानं तुमच्या पाठीला कान लावला आणि बाहेर येऊन म्हणाला, "बाई, बुढ्याच्या छातीत भुस्सा बसला हाय. साफ हवेत ठेवा, नहीं तो ये ठंडी नहीं निकालेंगे." हे म्हणाले, मी कधीचा म्हणतोच आहे. "मी आता चार लोकाईत बसतो. माहा बाप रस्त्यावर पडला हाय, लोक काय म्हनतीन?" गोठ्याशेजारची खोली सारवली, अंथरायला नवं गोणपाट टाकलं, आणि तुम्हाला तिथे नेलं.

खोकला खरंच उतरला. हकीम खोटं बोलला नव्हता. पण खोकल्यामागोमाग तुम्हीही चाललात. आधी घुंगरं वाजली की विचारायचात, "कोण गेलं?" मी म्हणायची, "मले काय मालूम, मी तं इथं हाय." मग विचारणं बंद झालं. घास डाव्या गालातही पडून राहायला लागला. मी पूर्वीसारखंच चोळत होते, वळवत होते, उलट जास्तच, कारण आता दुसरं काम नव्हतं, तरी पाठीला चट्टा पडला तो पडलाच. तुम्ही मला ओरडेनासे झालात याची मला भीती वाटली. माणूस स्वच्छ, कोरडा, तेल लावलेला, आणि भिंतीकडे तोंड करून निजलेला. आत ठेवलं तर तुम्ही असे मिटत जाणार, बाहेर काढलं तर खोकून जाणार. कोणाला विचारावं? विचारायला घरात माणूस तुम्हीच एक होतात, आणि तुम्ही तर बोलत नव्हतात.

हे अकोल्याला गेले तेव्हा मी पिंजाऱ्याला आणि त्याच्या बायकोला हाक मारली. तिघांनी मिळून बाज पुन्हा ओसरीवर आणली. थोड्याच वेळात एक बंडी थांबली, गाडीवान ओरडला, "अरे बाबा! जिते हा का? आमी तं समजलो, गेले!" तुमचं अर्धं तोंड हसलं. तुम्ही पुटपुटलात आणि मी सांगितलं, "अजून नाई गेलो म्हनतात." त्या दुपारी तुम्ही कण्या मागून खाल्ल्यात. संध्याकाळी बंड्या विरळ झाल्या, मी वाटी उचलून आत निघाले, तेव्हा विचारलंत, "तुहा बी जीव रमते का व इथं?" मी म्हटलं, "माहं काय मामाजी, मी तं तुमच्यासाठी बसून राहिली." तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. त्या दिवशी डोळे मिटले नाहीत आणि मी पदर ओढायला विसरले.

हे परत आले ते ओसरीवरूनच ओरडत आले. "कोनाले इचारून भायेर काढलं?" मी दाराआड. आता माहेरी पाठवतात की काय असं वाटत होतं. आणि तुम्ही बोललात. "तिले काई म्हनू नको. मी सांगतलं तिले. आत मी बरा होतो, पन जिता नव्हतो. खोकून मरीन तं खोकून मरीन. बाज इथंच राहीन." तुम्ही मला काहीच सांगितलं नव्हतं, तरी माझ्यासाठी खोटं बोललात. यांनी मान खाली घातली, मग बाजेपाशी बसून तुमच्या मेलेल्या पायावर हात ठेवला. चरख्या मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी गोठ्यात हलवल्या.

तो हिवाळा तुम्ही काढला नाहीत. छाती भरत गेली, श्वास घेताना बाज करकरायची, आणि मी पाठीशी उश्या लावून तुम्हाला बसतं ठेवायची. शेवटचे दिवस वाईट होते, ते मी लिहीत नाही, तुम्हीच भोगलेत. एका दुपारी तो अचलपूरचा म्हातारा आला, "बडे मियाँ, राम राम!" म्हणाला. मी सवयीनं तुमच्या वतीनं मोठ्यानं "राम राम" म्हटलं, आणि मग तुमच्याकडे पाहिलं. तो बंडीवरून उतरला आणि त्यानं पागोट्याचं टोक डोळ्यांना लावलं. तुमच्या तेराव्यानंतरही बंड्या थांबत राहिल्या. ज्यांना ठाऊक नव्हतं ते रिकाम्या ओसरीला हाका मारायचे, "बाबा, पूर्णेले उतार कुठून हाय?" मी दाराआड उभी असायची. मला माहीत असायचं कुठून आहे ते. पण तरण्या सुनेनं ओसरीवर यायला आता काही निमित्त उरलं नव्हतं. तुम्ही गेलात त्याच दिवशी माझी ओसरीही गेली. मी तुमच्यासाठी रडते आहे असं सगळ्यांना वाटलं. तुमच्यासाठीही रडत होतेच. पुढे लढाई संपली, भाव कोसळला, घर मोकळं झालं, आणि तुमच्या खोलीत निजायला कोणी नव्हतं.

आत ठेवलं असतं तर आणखी एखादा हिवाळा मिळाला असता का, हे मी कितीदा स्वतःला विचारलं. पण आज या भिंतीकडे पाहताना दुसरंच काही सुचलं, आणि इतक्या वर्षांत कसं सुचलं नाही याचं नवल वाटतं. त्या दिवशी तुम्ही यांच्याशी बोललात, ते मी दाराआडून ऐकलं. शब्द न् शब्द ऐकू आला, यांनाही कळला. कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. कदाचित रागानं जीभ सैल झाली असेल. आणि नसेल, तर गाडीवानांशी तुम्ही स्वतःच बोलू शकत होता. मला पुढे बोलवायची गरज नव्हती.

हे पत्र द्यायला आता त्या रस्त्यावर ओळखीची बंडी नाही, आणि तुमच्या गावाचा निरोप कोणी घेतही नाही. कागद उशाखाली ठेवीन. पण तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर राहिलं होतं. रमत होता, मामाजी. लय रमत होता. सून आत्ताच दिवा ठेवून गेली, "आत्याबाई, काही पाहिजे का?" म्हणाली. दिवसभर तीही याच भिंतींत असते. उद्या मी तिला सांगणार आहे, धूर येवो नाहीतर धूळ, माझी बाज ओसरीवर ने, आणि मला अलीकडे ऐकू कमी येतं, तेव्हा शेजारी बसून रस्त्यानं कोण गेलं, काय म्हणालं, ते मोठ्यानं सांगत जा.

ऐकू मला सगळं येतं. हे फक्त तुम्हाला सांगते आहे.